दुसऱ्याची घंटा

जॉन डन आपल्याकडच्या इंग्रजीच्या विद्यार्थ्याला भेटतो तो कवी म्हणून. मीही बेळगावात तीस-बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवताना त्याच्या प्रेमकविताच शिकवल्या. दोन प्रेमिकांच्या जिवांना दिलेली कंपासच्या दोन पायांची उपमा फळ्यावर आकृती काढून समजावली. त्याच्या गद्याशी आमचा संबंध एका उताऱ्यापुरता होता. माणूस, बेट आणि भूखंड यांची उपमा असलेला, चर्चच्या घंटेचा तो उतारा. हेमिंग्वेने १९४० साली आपल्या कादंबरीचे 'फॉर हूम द बेल टोल्स' हे नाव त्यातूनच घेतले. उतारा असा प्रसिद्ध झाला की ज्या पुस्तकातून तो उचलला ते पुस्तक वाचायची गरज कोणाला भासेना. मलाही भासली नव्हती.

ते पुस्तक म्हणजे 'डिव्होशन्स अपॉन इमर्जंट ऑकेजन्स'. अचानक ओढवलेल्या प्रसंगांवरची मनने, असे त्याला मराठीत म्हणता येईल. १६२४ साली ते लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्याची प्रत मला माझ्या एका ख्रिस्ती स्नेह्यांनी दिली. ते आमच्याच महाविद्यालयात इतिहास शिकवीत. आम्ही एकमेकांना 'सर' म्हणत असू. घर पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी, बायबल मराठी, भजने मराठी, आणि बाजारात गेले की कानडी माझ्यापेक्षा चांगले. २०१८ साली त्यांना पोटाचा कर्करोग झाला. भेटायला गेलो असता, आजाऱ्यापुढे बोलण्यासारखे काही सुचत नाही तेव्हा माणूस जे बोलतो तसे मी बोललो, "सर, तुम्हां लोकांना दुःखाचा अर्थ तरी सापडतो. आमच्याकडे प्रारब्ध म्हणून गप्प बसायचं."

ते हसले. म्हणाले, "अर्थ सापडतो असं कोणी सांगितलं तुम्हाला? हे घेऊन जा. आणि सर, उतारा वाचू नका. सगळं वाचा."

मी पुस्तक आणले आणि कपाटात ठेवले. २०१९ साली ते गेले. पुस्तक कपाटातच राहिले. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाची दुसरी लाट आली, मी अकरा दिवस दवाखान्यात काढले, आणि घरी आल्यावर ते उघडले. या लेखात मला त्या पुस्तकाविषयी जे म्हणायचे आहे ते थोडक्यात असे : आजारपणात श्रद्धेच्या बळावर दुःखाचा अर्थ शोधणारे पुस्तक म्हणून त्याची ख्याती आहे, पण स्वतःच्या दुःखाचा अर्थ डनला त्यात समाधानकारक असा सापडत नाही. सापडते ते निराळेच, आणि ते प्रसिद्ध उताऱ्यात नाही, त्याच्या पुढच्या प्रकरणात आहे.

आधी माणूस कोण ते पाहू. डनचा जन्म १५७२ चा, कॅथलिक कुटुंबातला. त्या काळच्या इंग्लंडात कॅथलिक असणे हा जवळजवळ गुन्हाच होता. त्याचा धाकटा भाऊ हेन्री एका कॅथलिक धर्मगुरूला आसरा दिल्याबद्दल पकडला गेला आणि १५९३ साली तुरुंगातच तापाने मेला. पुढे डनने राजधर्म, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा पंथ स्वीकारला. १६०१ साली त्याने चोरून लग्न केले, त्यापायी नोकरी गेली आणि बरीच वर्षे हलाखीत काढली. १६१५ साली तो धर्मगुरू झाला. १६१७ साली बाराव्या बाळंतपणात पत्नी गेली. १६२१ साली लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचा तो डीन झाला. दोन वर्षांनी, १६२३ च्या हिवाळ्यात, त्याला जबर ताप आला. तो टायफस असावा किंवा उलटून येणारा ताप असावा, असे अभ्यासक म्हणतात. अंगावर डाग उठले. मरणाच्या दारातून तो परत आला आणि अंथरुणातून धड उठण्यापूर्वीच त्याने हे पुस्तक लिहिले. १६२४ च्या जानेवारीत ते छापण्यासाठी नोंदलेही गेले. ही घाई लक्षात ठेवण्यासारखी आहे. आजार सरल्यावर वर्षांनी सावकाश काढलेला हा निष्कर्ष नव्हे.

पुस्तकाची प्रकरणे तेवीस. प्रत्येक प्रकरण आजाराची एकेक पायरी आहे. पहिली कणकण, इंद्रियांची शक्ती जाणे, अंथरूण धरणे, वैद्याला बोलावणे, वैद्य येणे, वैद्याच्या चेहऱ्यावर भीती दिसणे, त्याने आणखी वैद्य बोलावणे, खुद्द राजाने आपला वैद्य पाठवणे, औषध ठरवणे, मेंदूतली वाफ उतरावी म्हणून पायांना कबुतरे लावणे, डाग उठणे, झोप उडणे, शेजारच्या चर्चची घंटा, उतार पडणे, अंथरुणातून उठणे, आणि शेवटी आजार उलटेल याची भीती. शेवट आरोग्याने नाही, भीतीने केला आहे. हा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो.

या तेवीस प्रकरणांतले प्रत्येक तीन भागांचे आहे. पहिल्या भागात शरीराकडे आणि जगाकडे पाहून केलेले चिंतन. तिसऱ्या भागात प्रार्थना. मधल्या भागाला डन जो शब्द वापरतो त्याचा कोशातला अर्थ कानउघाडणी, हुज्जत असा आहे, आणि ही हुज्जत देवाशी आहे. आपल्याकडे गोव्यात आणि सावंतवाडीच्या बाजूला देवळात गाऱ्हाणे घालतात. त्यात देवाची स्तुती असते, मागणे असते, आणि 'तू जागा आहेस ना?' असा दटावणीचा सूरही असतो. डनच्या या मधल्या भागाला मला 'गाऱ्हाणे' हाच शब्द जवळचा वाटतो. फरक इतकाच की आपले गाऱ्हाणे सगळ्या गावाच्या वतीने असते, आणि डनचे एकट्याचे.

पुस्तकाची ही रचना म्हणजे नुसता साचा नव्हे. श्रद्धाळू माणसाने दुखण्यात काय करावे, याविषयीचे तिच्यात एक मत आहे. साधारण धार्मिक पुस्तके चिंतनावरून थेट प्रार्थनेवर जातात : देह नश्वर आहे, तेव्हा देवाला शरण जा. डन तसे करीत नाही. मध्ये तो भांडतो, आणि तेही एकदा नव्हे, तेवीस वेळा. अंथरूण धरल्यावर तो विचारतो की, देवा, मी तुझा सेवक, मग मलाच तुझ्या मंदिरापासून दूर का ठेवलेस? तुकोबांची विठोबाशी भांडणे ज्यांच्या कानांवरून लहानपणापासून गेली आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. पण इंग्लंडच्या राजाच्या मर्जीतल्या धर्मगुरूने हे छापून प्रसिद्ध करावे, याचे वाटते. आमच्या सरांना आजारपणात या पुस्तकाचा आधार का वाटला असावा, ते मला हा मधला भाग वाचताना कळू लागले. तेथे तक्रारीला रीतसर जागा आहे. प्रार्थनेच्या आधी ती करून घ्यायची असते.

आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. डन श्रद्धा आणि वैद्यक यांना एकमेकांसमोर उभे करीत नाही. त्याची सोळाव्या-सतराव्या शतकातली कबुतरे आज आपल्याला विचित्र वाटतात, परंतु वैद्यांचे तो ऐकतो, त्यांचे आभार मानतो, आणि बरा झाल्यावर देवाने आपल्याला वैद्यांच्या हातून उठवले असे म्हणतो. नुसत्या प्रार्थनेने बरे करण्याचे दावे ऐकू येतात तेव्हा एका धर्मगुरूने चारशे वर्षांपूर्वी घेतलेली ही भूमिका आठवावी.

आता पुस्तकाची दुबळी बाजू सांगतो. डन पुन्हा पुन्हा म्हणतो की रोगाचे मूळ पापात आहे. विशेषतः बाविसाव्या प्रकरणात, वैद्य रोगाचे मूळ शोधू लागतात तेव्हा, तो ते मूळ आपल्या पापात शोधतो. ताप हा शरीराचा, पाप हा आत्म्याचा ताप, हे रूपक तो इतके ताणतो की शेवटी रूपक राहतच नाही, कारणच होते. आपल्याला हे अपरिचित नाही. 'गेल्या जन्मीचे भोग' म्हणणारे लोक प्रत्येक गल्लीत असतात आणि ते नेमके आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलतात. डन निदान दुसऱ्याच्या पापाविषयी बोलत नाही, स्वतःच्याच बोलतो. तरीही विचार तोच. आणि गंमत अशी की ज्या धर्मग्रंथाच्या आधारे तो बोलतो, तो ग्रंथ इतके सोपे उत्तर देत नाही. ईयोबाचे मित्र त्याला हेच सांगत होते की तुझ्या दुःखाला तुझे पाप कारण असले पाहिजे, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो.

सरांच्या प्रतीत बाविसाव्या प्रकरणाच्या समासात शिसपेन्सिलीने दोनच शब्द लिहिले आहेत : 'योहान नऊ'. पुढे उद्गारचिन्ह नाही, प्रश्नचिन्ह नाही. पोटात गाठ असलेल्या माणसाने ते लिहिले आहे. मी प्रारब्धाची गोष्ट काढली तेव्हा ते का हसले, ते मला त्या दोन शब्दांपाशी कळले. त्यांना माझे आणि डनचे, दोघांचेही म्हणणे एकच वाटले असणार.

तेव्हा 'मला हे का झाले?' या प्रश्नाचे पुस्तकातले उत्तर टिकत नाही. मग उरते काय? माझ्या मते उरतात ती मधली काही प्रकरणे, आणि त्यांत डनचे तोंड स्वतःकडून दुसऱ्याकडे वळलेले आहे.

ही वळणे हळूहळू येतात. पाचव्या प्रकरणात तो म्हणतो की आजारपणातली सर्वांत मोठी विपत्ती एकटेपणाची. संसर्गाच्या भीतीने जवळ यावे ते लोक येत नाहीत, वैद्यही कचरतो. सहाव्यात तो वैद्याचा चेहरा वाचतो. वैद्य जितक्या बारकाईने रोग पाहतो तितक्याच बारकाईने रोगी वैद्याला पाहत असतो, आणि वैद्य घाबरला की त्याच्यासह घाबरतो. २०२१ साली आम्हांला तर चेहराही नव्हता. डॉक्टर आणि सिस्टर नखशिखान्त झाकलेले, चष्म्यामागे फक्त डोळे. त्या डोळ्यांवरूनच आम्ही आपापले भविष्य वाचत होतो. सातव्यात, आपल्यासाठी आणखी वैद्य बोलावले जात आहेत हे पाहून, डनला एकदम आठवण होते ती ज्यांना एकही वैद्य मिळत नाही त्यांची. घराच्या नावाखाली एखाद्या कोपऱ्यात पेंढ्यावर पडलेली, जगली तरी कसली आशा नसलेली आणि मेली तरी कोणाला न कळणारी माणसे. पुढच्याच प्रकरणात राजाचा वैद्य येतो, आणि डनमधला दरबारी माणूस त्या कृपेने भारावून जातो. पुस्तक त्याने राजपुत्र चार्ल्सला अर्पण केले आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. पण सातवे प्रकरण लिहून झालेले असते, ते पुसता येत नाही. सरांच्या प्रतीत या सातव्याच्या कडेने वरपासून खालपर्यंत रेघ आहे.

मग सोळावे, सतरावे आणि अठरावे, ही घंटेची तीन प्रकरणे. ती सुटी वाचली की घोटाळा होतो. त्या काळच्या लंडनमध्ये माणूस मरणपंथाला लागला की चर्चची घंटा संथपणे वाजत असे. तो अजून जिवंत असे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हातातले काम थांबवून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, हा तिचा हेतू. प्राण गेल्यावर घंटा निराळी वाजे. सोळाव्यात डन रोजच्या अंत्यविधींच्या घंटा ऐकतो. सतराव्यात ती संथ घंटा ऐकतो. अठराव्यात माणूस गेल्याची घंटा ऐकतो. म्हणजे ज्या उताऱ्यात सर्व मानवजातीच्या एकत्वाविषयीची ती प्रसिद्ध वाक्ये आहेत, त्यात ज्याच्यासाठी घंटा वाजते आहे तो माणूस अजून मेलेला नाही. वर्गात मी ही गोष्ट कधी सांगितली नाही, कारण मलाच ती ठाऊक नव्हती. मी तो उतारा मरणाविषयीचा म्हणून शिकवला. वस्तुतः तो मरणाऱ्या शेजाऱ्यासाठी आलेल्या बोलावण्याविषयीचा आहे.

त्याच सतराव्या प्रकरणात दोन रूपके आहेत. एक भाषांतराचे. सगळी माणसे एकाच ग्रंथकाराच्या एका ग्रंथातली प्रकरणे. माणूस मेला की प्रकरण फाडले जात नाही, त्याचे अधिक चांगल्या भाषेत भाषांतर होते. आणि म्हातारपण, आजार, युद्ध, न्यायदंड हे देवाने नेमलेले भाषांतरकार. आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या वाचकाला हे रूपक लगेच आवडेल, आणि लगेच शंकाही येईल. भाषांतरात काही हरवते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?

दुसरे रूपक सोन्याचे, आणि ते मला बराच काळ टोचत राहिले. डन म्हणतो की दुःख हे धन आहे. पण एखाद्याचे दुःख त्याच्या पोटात खाणीतल्या सोन्यासारखे पडून राहते आणि त्याला स्वतःला त्याचा काही उपयोग होत नाही. घंटा मात्र ते सोने खणून काढते आणि ऐकणाऱ्याच्या उपयोगी पाडते. हे नीट वाचावे. ज्याला दुखते आहे त्याला त्या दुःखाचा उपयोग नसेलही, असे श्रद्धावान डन येथे कबूल करतो. उपयोग ऐकणाऱ्याला. कबुली धाडसाची आहे, पण तिच्यात एक भयंकर गोष्टही आहे. दुसऱ्याच्या मरणातून मी आपला लाभ काढायचा काय?

हा प्रश्न मला केवळ समीक्षक म्हणून पडलेला नाही. दवाखान्यात माझ्या शेजारच्या कॉटवर बैलहोंगल तालुक्यातले एक आजोबा होते. आमच्यात बोलणे होण्यासारखे नव्हते, दोघांच्याही तोंडांवर ऑक्सिजनचे मास्क. पण ते जागे झाले की मास्क बाजूला करून मला विचारीत, "गंटे एष्टायितु?" किती वाजले? कानडीत 'गंटे' म्हणजे वाजलेला तास, आणि गंटे म्हणजे घंटाही. रात्री चार-चार, पाच-पाच वेळा. पहिल्या दोन रात्री मी बोटांनी सांगितले. तिसऱ्या रात्रीपासून झोपेचे सोंग घेऊ लागलो. सहाव्या रात्री त्यांनी विचारले नाही. मला गाढ झोप लागली, आणि झोप लागण्यापूर्वी 'बरे झाले' असे वाटल्याचे मला स्पष्ट आठवते. सकाळी कॉटवर गादीची गुंडाळी होती. त्यांचे नाव मला ठाऊक नाही. मी बरा होऊन घरी आलो. भेटायला येणारे म्हणाले, देवाने वाचवले, त्यात काहीतरी हेतू असेल. ते ऐकले की मला ती गादी दिसे. माझ्या वाचण्याला अर्थ असेल तर त्यांच्या न वाचण्याला कोणता?

डनचे सोन्याचे रूपक वाचून मला म्हणूनच संताप आला. पुस्तक बाजूला ठेवले. आठवड्याने पुढचे प्रकरण वाचले, ते केवळ सरांनी सगळे वाचा म्हटले होते म्हणून.

अठराव्या प्रकरणात तो माणूस मेलेला आहे. डनला त्याचे नाव ठाऊक नाही. आता तो विचारतो की त्याचा आत्मा कोठे गेला, हे मला कोण सांगेल? तत्त्वज्ञांना विचारू की धर्मशास्त्र्यांना? आत्मा शरीरात कसा येतो, याविषयीची निरनिराळी मते तो मांडतो आणि ती सोडून देतो. शेवटी तो स्वतःच्याच प्रीतीला विचारतो. ती सांगते की तो चिरविश्रांतीला गेला. हे ज्ञान नव्हे, हे डन जाणतो. आणि मग तो जे कारण देतो ते मला सर्व पुस्तकाचे मर्म वाटते. त्या माणसाविषयी चांगले मत बाळगणे हे मी त्याचे देणे लागतो, असे तो म्हणतो. कारण त्याची घंटा वाजत होती तेव्हा माझा लाभ झाला, त्याच्या निमित्ताने मी प्रार्थनेला अधिक योग्य झालो, आणि मी त्याच्यासाठी प्रार्थना केली.

म्हणजे सतराव्यातले सोने अठराव्यात देणे होते. खाणीतून काढले ते ज्याच्या पोटातून काढले त्याचे होते, तेव्हा ते परत करायचे आहे. माणूस गेलेला, नाव ठाऊक नाही, परत करायला हातात काही नाही. उरते ते एवढेच की त्याच्याविषयी चांगले चिंतावे आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी. आपल्याकडे याला ऋण असा शब्द आहे. देवऋण, पितृऋण, ऋषिऋण आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. शेजारच्या कॉटवरच्या अनोळखी माणसाचे ऋण त्या यादीत नाही. डनने ते घातले, असे मला वाटते. दुःखाचा अर्थ मला माझ्या दुःखात सापडत नाही, पण दुसऱ्याच्या दुःखाने मला त्याचे देणेकरी केले आहे हे मात्र कळते, आणि ते कळण्यापुरती माझ्या दुखण्याने माझी झोप मोडलेली असते. येथे ख्रिस्ती श्रद्धेचे काम काय? माझ्या समजुतीप्रमाणे, ती ज्याला मध्यभागी ठेवते त्यानेच दुसऱ्यांसाठी दुःख सोसलेले आहे, म्हणून त्या श्रद्धेच्या माणसाला दुःख हे एकट्याचे खाते वाटूच शकत नाही. मी ख्रिस्ती नाही. हे बाहेरून पाहून लिहीत आहे.

काही वाचक म्हणतील की हे समाधान आजाऱ्याच्या काय कामाचे? वेदनेने तळमळणाऱ्याला कोणी शेजाऱ्याच्या ऋणाचा उपदेश करू नये. हे मला मान्य आहे, आणि डननेही तो केलेला नाही. त्याने स्वतःपुरते लिहिले. हे पुस्तक आजाऱ्याच्या हाती देण्याचे नव्हेच. ते आजाऱ्याने दुसऱ्याला देण्याचे आहे, जसे सरांनी मला दिले.

जाता जाता आपल्या भाषेविषयी. डनच्या या पुस्तकाच्या आठच वर्षे आधी, १६१६ साली, दुसऱ्या एका इंग्रजाने गोव्यात राशोल येथे मराठीत ख्रिस्तकथा छापली होती. तो 'ख्रिस्तपुराण'कार फादर स्टीफन्स. डनचा सख्खा मामा जॅस्पर हेवूड आणि स्टीफन्स, दोघेही येशूसंघी. त्याच कॅथलिक छळाच्या इंग्लंडातून बाहेर पडून स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला आणि सुमारे अकरा हजार ओव्या लिहून १६१९ साली वारला. त्याच्या पुराणात आजारी माणसे बरी होतात, पण ती पुराणाच्या रीतीप्रमाणे बाहेरून दिसतात. अंथरुणावरचा 'मी' तेथे नाही. मराठी ख्रिस्ती साहित्यात तो रोजच्या बोलीतून भेटतो तो लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त. तिच्यात प्लेगचे दिवस आहेत, आजारपणे आहेत, मरणे आहेत, पण लक्ष्मीबाई कोठेही आपल्या दुःखाचा अर्थ सांगायला बसत नाहीत. त्या दुसऱ्याच्या उशाशी बसतात, आणि वर स्वतःला हसतात. डनला हे हसणे साधले नाही. ऐन तापातही त्याची बुद्धी कसरती करते, वाक्यांवर वाक्ये चढतात, उपमांची गर्दी होते. नवव्यापासून अकराव्यापर्यंतची प्रकरणे तर मला दोनदा सोडून द्यावीशी वाटली. पण एकोणिसाव्यात तो याचे कारण देतो : देव स्वतःच सरळही बोलतो आणि रूपकातही बोलतो, मग भक्ताने का बोलू नये? कारण पटो न पटो, गोड आहे.

गेल्या वर्षीपासून मी सातवे आणि अठरावे, अशी दोन प्रकरणे मराठीत उतरवीत आहे. सातवे झाले. अठराव्यात 'देणे लागतो' लिहावे की 'ऋणी आहे' लिहावे, येथे अडलो आहे. 'ऋणी आहे' हे आपण सत्काराच्या भाषणात इतके वापरतो की त्यात देण्याची टोचणी उरलेली नाही. 'देणे लागतो' हा शब्द किराणा दुकानाच्या वहीतला, पण डनला तोच शोभेल असे वाटते. सर असते तर त्यांना विचारले असते.

रात्री अजून कधीकधी जाग येते. अंधारात घड्याळाकडे पाहतो आणि किती वाजले ते मनातल्या मनात कानडीत सांगतो.